राष्ट्रपती भवनात आपला माणूस, मंत्रिमंडळात कोण?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते: उमेदवार कोणत्या जातीचा? १९९७ ला के. आर. नारायणन, २०१७ ला रामनाथ कोविंद, २०२२ ला द्रौपदी मुर्मू. दर वेळी पक्ष उपकाराच्या भाषेत सांगतात की बघा, तुमचा माणूस देशाच्या सर्वोच्च पदावर बसवला. आम्ही कार्यकर्ते याकडे वेगळ्या बाजूने बघतो. सही करणाऱ्याची जात कळली, पण ज्या कागदावर सही होते तो कागद तयार कोण करतो?

संविधानाचे कलम ५३ एकटे वाचले तर संघराज्याची सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीची आहे असे वाटते. कलम ७४ सोबत वाचले की चित्र पालटते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हे अगदी स्पष्ट केले होते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाशी आपल्या राष्ट्रपतीचे साम्य फक्त नावापुरते आहे. तिथला अध्यक्ष खरोखर कारभार चालवतो, आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचे प्रतीक आहे, राज्यकर्ता नाही. राष्ट्राचे निर्णय ज्या शिक्क्याने जाहीर होतात तो शिक्का, अशी उपमा त्यांनी दिली. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले.

हे भाषण बरेच जण वाचतात. पण त्याआधी दीड-पावणेदोन वर्षे, मार्च १९४७ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी काय मागितले होते, ते आपल्या अभ्यासवर्गांतसुद्धा क्वचितच निघते. तिथे त्यांना इंग्लंडसारखे मंत्रिमंडळ नको होते. पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा, मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सदस्यांचा विश्वास असलेले असावेत, आणि विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत कार्यकारी मंडळाला हटवता येऊ नये, अशी ती योजना होती. कारण सरळ आहे. इंग्लंडमधले बहुमत राजकीय असते, ते आज याचे तर उद्या त्याचे. आपल्याकडचे बहुमत जन्माने ठरते. अशा देशात बहुमतवाल्या पक्षाचा नेताच सगळे मंत्री निवडणार असेल, तर आपला माणूस मंत्री झाला तरी तो राहतो नेत्याच्या मर्जीवर.

ही मागणी संविधानात आली नाही. मूळ मसुद्यात राज्यपालांसाठी सूचनांची एक अनुसूची होती. मंत्री नेमताना शक्य तिथे महत्त्वाच्या अल्पसंख्याक समाजांचे सदस्य घ्यावेत, असे तिच्यात म्हटले होते. शेवटी ती अनुसूचीही गळाली.

याचे परिणाम बाबासाहेबांनी स्वतः भोगले. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी नेहरूंना कळवले की या विधेयकाबाबत आपण स्वतःच्या विवेकाने वागू इच्छितो. नेहरूंनी ॲटर्नी जनरल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांचेही उत्तर तेच, राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे. म्हणजे राष्ट्रपती भवनाला बिल अडवता येत नव्हते. तरी बिल बुडाले. ते बुडवले काँग्रेस पक्षातल्या विरोधाने आणि त्यापुढे माघार घेणाऱ्या सरकारने. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे सांगणारे १० ऑक्टोबरचे निवेदन तरुणांनी जरूर वाचावे. त्यात हिंदू कोड बिल शेवटी येते. आधी तक्रार आहे ती खात्यांची: कायदा सोडून प्रशासनाचे खाते मिळाले नाही, परराष्ट्र आणि संरक्षण या महत्त्वाच्या समित्यांवर घेतले नाही. मंत्रिमंडळात बसूनही खऱ्या निर्णयाच्या टेबलापासून लांब ठेवण्याची ही रीत आज संपली आहे काय?

पुढचा इतिहास या शिक्क्याचाच आहे. २५ जून १९७५ च्या रात्री फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचे शब्दांतच लिहिले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागेल, आणि राष्ट्रपती एकदा तरी सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकेल.

ही एवढीशी फट नारायणन यांनी वापरली. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल सरकारची शिफारस त्यांनी परत पाठवली, सरकारने ती मागे घेतली. सप्टेंबर १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी सरकारची शिफारसही परत गेली. फेब्रुवारी १९९९ मध्ये, शंकरबिघा आणि नारायणपूर इथल्या दलित हत्याकांडांनंतर, ती पुन्हा आली आणि त्यांनी सही केली. न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या फायलीवर अनुसूचित जाती-जमातींचा विचार व्हावा, असे लेखी नोंदवणारे राष्ट्रपतीही हेच. पण हे सगळे फार तर 'थांबा, पुन्हा बघा' एवढेच सांगणे होते. निर्णय त्यांचा नव्हता.

आणि २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. राष्ट्रपती राजवट ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवली गेली आणि काही वेळातच राजभवनात शपथविधी उरकला. मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. कामकाज नियमांतल्या नियम १२ खाली पंतप्रधानांनी एकट्याने मंजुरी दिली, मंत्रिमंडळाची संमती मागाहून घेतली. अधिसूचनेला संमती देणारे राष्ट्रपती होते रामनाथ कोविंद. त्या दिवशी मात्र आपल्या एकाही ग्रुपवर त्यांच्या जातीची चर्चा आम्हाला दिसली नाही.