एका मागणीची एकी

बदलीचा हुकूम नेईल त्या गावी संसार मांडणाऱ्या आम्हां नोकरदारांना महाराष्ट्र भेटतो तो बहुधा वर्षातून एकदा, १ मे रोजी, तेथील महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात. शिवछत्रपतींच्या तसबिरीस हार घातला जातो, हुतात्म्यांचे स्मरण होते आणि मग भाषणे होतात. त्या भाषणांत लढ्याचे वर्णन पुष्कळ असते. परंतु एक प्रश्न सहसा निघत नाही. ज्या पक्षांचे एकमेकांशी क्षणभरही पटू नये, ते चार वर्षे एकत्र राहिले कसे? आणि हवे ते पदरात पडताच पांगले का?

ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात मराठी भाषकांच्या वाट्याला एकसंध राज्य नव्हते. २१ नोव्हेंबर रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित होणार असे पंतप्रधान नेहरूंनी जाहीर करताच शहर पुन्हा पेटले, पुन्हा माणसे पडली. त्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या १०६ मानली जाते. ह्याच प्रश्नावर त्या वर्षी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांनी राजीनामा दिला. केंद्राच्या नोकरीत असलेल्या मराठी माणसाला ती गोष्ट आजही आठवते.

तोवर हे कार्य शंकरराव देव ह्यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त महाराष्ट्र परिषदेकडे होते, आणि परिषदेचा भरवसा वाटाघाटींवर होता. गोळीबारानंतर तो मार्ग लोकांना अपुरा वाटू लागला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी केशवराव जेधे ह्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात सभा भरून संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस्. एम्. जोशी तिचे सरचिटणीस झाले. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ, हिंदुमहासभा अशी मंडळी तीत होती. ह्यांपैकी कोणतेही दोन पक्ष उचलावेत. त्यांच्यात एखादा जुना वाद निघावाच, अशी ती मांडणी होती.

ही एकी केवळ भावनेवर टिकली, असे आम्हांस वाटत नाही. हुतात्म्यांचे रक्त लोकांना एकत्र आणते. परंतु उमेदवारीची वाटणी करू लागताच रक्ताची आठवण पुरत नाही. समितीने दोन गोष्टी सांभाळल्या. पहिली ही, की कोणत्याही पक्षाला आपला झेंडा खाली ठेवावा लागला नाही. समिती ही पक्षांची आघाडी राहिली, त्यांचे विलीनीकरण झाले नाही. दुसरी ही, की बांधिलकी मराठी राज्याच्या मागणीपुरती होती. बाकीच्या विषयांत ज्याचे त्याचे मत ज्याच्या त्याच्यापाशी.

ह्या दुसऱ्या गोष्टीची कसोटी लवकरच लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक अस्तित्वात आले आणि तीनच दिवसांनी बुडापेस्टवर सोव्हिएत रणगाडे चालून गेले. समाजवादी आणि कम्युनिस्ट ह्यांच्यात ह्यापेक्षा कडू विषय कोणता असणार? तरीही १९५७ च्या निवडणुकीत दोघे समितीच्या बाजूने एकत्र उभे राहिले. त्या लोकसभेत मुंबईतून डांगे आणि साताऱ्याहून क्रांतिसिंह नाना पाटील हे कम्युनिस्ट गेले, पुण्याहून ना. ग. गोरे आणि राजापुराहून नाथ पै हे समाजवादी गेले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड, तर धुळ्याहून जनसंघाचे उत्तमराव पाटील गेले. एरवी परस्परांविरुद्ध उभे राहिले असते असे हे लोक! मुंबई महापालिकाही समितीकडे आली आणि १९५८ साली कम्युनिस्ट मिरजकर महापौर झाले. सर्वत्र असेच घडले, असे मात्र नाही. विदर्भाने समितीला तशी साथ दिली नाही, आणि ३९६ पैकी २३४ जागा मिळवून द्वैभाषिकाची सत्ता काँग्रेसकडेच राहिली. पण पश्चिम महाराष्ट्राचा कौल दिल्लीला वाचता आला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीची प्रचंड निदर्शने शांततेने पार पडली. जमाव जमविणे सोपे असते. अनेक पक्षांचा जमाव एका शिस्तीत ठेवणे कठीण, आणि समितीने ते करून दाखविले.

१९५९ साली ताण वाढला. केरळातील कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनात प्रजासमाजवादी उतरले होते. त्या जुलैअखेर ते सरकार बरखास्त झाले. ऑक्टोबरात लडाखमध्ये चिनी गोळीबारात भारतीय पोलीस मारले गेले. इकडे राज्याची मागणी मान्य होण्याची चिन्हे दिसू लागली. ज्या एका धाग्याने सारे बांधलेले होते तो धागाच सुटत चालला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. समितीचे बळ ओसरले. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या.

ह्यावरून समिती फसली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्य झाल्यावर मांडव उतरवावाच लागतो. एकी टिकविण्यासाठी पक्ष विलीन केले असते, तर काय झाले असते, ह्याचा दाखला पुढे मिळाला. बिहार आंदोलन आणि आणीबाणी ह्यांतून उभा राहिलेला जनता पक्ष १ मे १९७७ रोजी घटक पक्षांच्या विलीनीकरणाने रीतसर स्थापन झाला. त्याने सर्वच बाबतींत एकमताचा आव आणला आणि दुहेरी सदस्यत्वाच्या वादात, नेत्यांच्या स्पर्धेत, जुलै १९७९ मध्ये त्याचे सरकार कोसळले. समितीने थोडे मागितले, म्हणून ती अधिक टिकली.

तरीही एक उणीव आम्हांस डाचते. कचेरीत फाईल बंद करताना तीतील प्रलंबित बाबी दुसऱ्या फाईलीवर उतरवून घ्याव्या लागतात. नाहीतर त्या बाबी कोणाच्याच टेबलावर राहत नाहीत. १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलेले बेळगाव, कारवार, निपाणी १९६० च्या महाराष्ट्रात नव्हते. ती बाब पुढे नेण्याएवढी बलवान एकी राज्यस्थापनेनंतर उरली नाही. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राला मान्य झाला नाही. २००४ साली राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. सीमाभागातील समिती मात्र आपला लढा लढत राहिली. तेथे नेमणुकीवर गेलेल्या आमच्या बंधूंना ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तेव्हा पुढील १ मे रोजी मंडळात हुतात्म्यांना वंदन करताना सरचिटणीसपदाच्या त्या चार वर्षांच्या खटपटीचेही स्मरण व्हावे, असे आम्हांस वाटते. हुतात्म्यांनी मागणीला बळ दिले. मतभेद कायम ठेवून एकत्र बसणाऱ्यांनी ते बळ वाया जाऊ दिले नाही. आणि जे काम त्यांच्याकडून राहिले, ते राहिले आहे एवढे तरी आपण विसरू नये.