खानदेशातील भूमिगत चळवळ : ग्रामीण स्त्रियांचे साहाय्य

१९४२च्या ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर पूर्व आणि पश्चिम खानदेशात (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) वॉरंट चुकवून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना गावोगावच्या स्त्रियांनी दिलेला आसरा, जेवण, निरोपांची ने-आण आणि राखलेला पहारा, एवढा या नोंदीचा विषय. मिरवणुका, पिकेटिंग आणि तुरुंगवास या मार्गांनी पुढे आलेल्या शहरी स्त्रियांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे; त्यांचा येथे प्रसंगानेच उल्लेख येईल.

चिमठाणे खजिना : खानदेशातल्या भूमिगत कामाची सर्वांत गाजलेली घटना शिंदखेडा तालुक्यातली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी अडवून ताब्यात घेतला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपये सांगितली जाते. कट रचणाऱ्यांत अमळनेर तालुक्यातील डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारातून (ब्रिटिश सत्तेला समांतर भूमिगत सरकारातून) आलेल्या जी. डी. (बापू) लाड आणि नागनाथ नायकवडी यांनीही त्यात भाग घेतला. लुटीमागे चळवळीसाठी पैसा उभा करण्याचा हेतू होता. आता धुळे–दोंडाईचा रस्त्याने जाणाऱ्याला चिमठाणे हे नाव या लुटीमुळेच ओळखीचे असते.

लुटीची कथा बहुधा मोटार अडवण्यापासून सुरू होते आणि पैसा हाती आल्यावर संपते. तिच्या आधीचे आणि नंतरचे दिवस मात्र घरांनी सांभाळले होते. एप्रिलमध्ये खानदेशातले रान उघडे असते. रब्बी निघालेली, काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या, लपायला उभे पीक नाही. माणसे दडवायची तर धाब्याचे घर, गोठा, मळ्यातली खोली किंवा नाल्याची कपार एवढीच जागा. त्यातून कृष्णाकाठची सातारी मराठी बोलणारा पाहुणा अहिराणी गावात तोंड उघडताच परका ठरतो. त्याला गप्प ठेवणे, ‘हा आमच्या नात्यातला’ असे शेजारणीला पटवणे आणि पोरांना दटावणे हे काम घरच्या बाईकडेच येणार.

भाकरीचा हिशेब : जेवण पुरवणे हे या साहाय्याचे सर्वांत सोपे अंग मानले जाते, पण ते सर्वांत धोक्याचे होते. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही. ते घरच्या जात्यावर थोडे थोडे दळावे लागे. चार-पाच माणसांचे दळण दहा-बारांचे झाले, तर जात्याची घरघर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालते. अवेळी पेटलेल्या चुलीचा धूर, विहिरीवर एका घरातून होणाऱ्या जास्तीच्या खेपा, परातीतल्या भाकऱ्यांची चवड या खुणा गावात कोणालाही वाचता येतात. महायुद्धाचे दिवस होते. धान्य आणि रॉकेल दोन्हींची टंचाई होती. आडरानात भाकरी-ठेचा पोहोचवायला शेतावर न्याहारी नेणाऱ्या बाईची दुरडी चांगली आड होती. डोक्यावर दुरडी घेतलेल्या बाईला वाटेत अडवून तपासणे शिपायाला सहसा सुचत नसे. दुरडीतूनच चिठ्ठीही जाई.

पकडले जाण्याची किंमत एकट्या बाईने मोजायची नव्हती. सामुदायिक दंड बसवण्याचा अधिकार सरकारने १९४२ मध्ये वटहुकमाने घेतला होता, आणि तो दंड साऱ्या गावाकडून वसूल होई. म्हणून एका घरातले गुपित सगळ्या आळीला राखावे लागे. ज्या घरी पाहुणा उतरला नव्हता त्या घरातल्या बायकांचे मौनही या साहाय्यातच धरले पाहिजे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

लीलाताई पाटील : डॉ. उत्तमरावांच्या पत्नी आणि स्वतः आघाडीच्या कार्यकर्त्या. अमळनेर भागातील १९४२च्या आंदोलनात त्यांनी उघड भाग घेतला, शिक्षा भोगली आणि येरवड्याच्या कैदेतून निसटून त्या भूमिगत झाल्या. खानदेश आणि सातारा या दोन्ही भागांतील भूमिगत कामाशी त्यांचा संबंध आला. त्यांचे नाव इतिहासात राहिले ते खटला आणि तुरुंग यांमुळे. त्यांना ज्यांनी आपल्या घरी निजायला जागा दिली त्या बायांवर खटला भरला गेला नाही, म्हणून सरकारी दप्तरात त्यांचे नावही चढले नाही.

नंदुरबार, १९४२ : ९ सप्टेंबरच्या मिरवणुकीवरील गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार हुतात्मा झाले. शिपायाने बंदूक मुलींच्या दिशेने रोखली तेव्हा शिरीषकुमार पुढे सरसावला, असे सांगितले जाते. पाच हुतात्म्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. मिरवणुकीतल्या मुलींची नावे त्या कथनात येत नाहीत.

पूर्वपीठिका : डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, साने गुरुजींनी त्यासाठी खेडोपाडी प्रचार केला; त्यामुळे १९४२च्या आधीच चळवळ खानदेशातल्या गावांपर्यंत पोहोचली होती.

साताऱ्याकडील समांतर काम : येथे माहिती अधिक आहे, कारण काही स्त्रिया दीर्घायुषी झाल्या आणि त्यांनी आठवणी सांगितल्या. इंदुताई पाटणकर (१९२५–२०१७) यांनी प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांपर्यंत शस्त्रे पोहोचवली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील (१९२६–२०२१) डाक बंगल्यांवर नजर ठेवत. भवानीनगर पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याचे सोंग घेतलेल्या साथीदाराकडून त्यांनी मार खाल्ला. शिपाई तंटा सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात इतरांनी ठाण्यातल्या बंदुका उचलल्या. (पाहा : प्रतिसरकार.)

आयर्लंड : तुलनेसाठी सर्वांत जवळचे उदाहरण आयर्लंडचे. तेथे २ एप्रिल १९१४ रोजी ‘कुमन न मन’ ही स्त्रियांची संघटना डब्लिनमध्ये स्थापन झाली. १९१९ ते १९२१च्या ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्यात मन्स्टर प्रांतातल्या डोंगराळ भागात फिरत्या तुकड्यांना शेतघरांतल्या स्त्रियांनी जेवण, कोरडे कपडे, टेहळणी आणि टपाल पुरवले. खानदेशाशी साम्य इथवर आहे. फरक असा की तेथे संघटना होती, शाखा होत्या, सभासदांच्या याद्या होत्या. तरीही १९२४च्या लष्करी सेवा निवृत्तिवेतन कायद्यातून स्त्रिया जवळजवळ वगळल्या गेल्या. १९३४च्या कायद्याने संघटनेच्या स्त्रियांना वेतन मिळू लागले, पण पाच श्रेणींपैकी खालच्या दोनच त्यांच्यासाठी होत्या. मात्र त्या वेतनासाठी स्त्रियांनी अर्ज भरले. कोणत्या रात्री कोणाला जेवू घातले, कोणता निरोप कुठे नेला, हे तपशिलाने लिहून दिले. ते अर्ज आता अभ्यासकांना खुले आहेत. शेतघरातली भाकरी तेथे अशी कागदावर आली.

मानधन व पुरावा : भारत सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली आणि १९८० मध्ये तिची व्याप्ती वाढवली. पात्रतेसाठी सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे. स्त्रियांना ही अट तीन महिन्यांची होती. भूमिगतांना सहा महिन्यांहून अधिक काळ फरारी असल्याचे आणि त्यांच्यावर जाहीरनामा, बक्षीस किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाल्याचे दाखवावे लागे. आसरा देणाऱ्या बाईचे यश तिच्यावर वॉरंट न निघण्यातच होते. नियमाच्या दृष्टीने मात्र तीच तिची उणीव ठरली. अनेक घरांत नवऱ्याला ताम्रपट मिळाला असेल, त्याच घरातल्या चुलीसाठी रकाना नव्हता. पी. साईनाथ यांच्या ‘द लास्ट हीरोज’ (२०२२) या पुस्तकात बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातल्या भवानी महातो यांची हकिकत आहे. त्यांनी भूमिगतांसाठी रांधले आणि जंगलात जेवण पोहोचवले. स्वातंत्र्यलढ्याशी आपला काही संबंध होता का, असे विचारल्यावर त्यांनी प्रथम ठाम नकार दिला होता.