खाटेच्या उजव्या बाजूला

‘चक्कर येते’ असे बाई सांगतात आणि विद्यार्थी वहीत ‘व्हर्टिगो’ लिहून मोकळा होतो. घर फिरल्यासारखे वाटते, डोळ्यांसमोर अंधारी येते, की चालताना तोल जातो? पहिल्या उत्तराने कान आणि लहान मेंदू आठवावा, दुसऱ्याने रक्तदाब, हृदय, रक्तक्षय. मराठीत घेरी, भोवळ, गरगरणे असे शब्द आहेत, पण दोन माणसे ते एकाच अर्थाने वापरतीलच असे नाही. पुस्तके इंग्रजीत, दुखणे मराठीत. मधला दुभाषा विद्यार्थीच. रुग्णशय्येपाशी शिकवण्याच्या या शास्त्रात मी प्रश्न विचारण्याला हाताच्या कौशल्यापेक्षा वरचे स्थान देतो. सगळ्या सहकाऱ्यांना ते पटत नाही.

खाटेपाशी शिकवण्याची आणि तपासण्याची ही परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समधील लायडनला बोरहाव हा वैद्य बारा खाटांच्या वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवत असे. व्हिएन्नाचा वैद्य आउएनब्रुगर याने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून निदान करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा; पिंप किती भरले आहे हे ठोकून ओळखण्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. मुंबईत १८४५ साली सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेजही जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाच्या आवारातच आहे.

हात शिकतो तो मात्र चुकत चुकत. प्लीहा वाढली की ती डाव्या बरगडीखालून उजव्या ओटीपोटाच्या दिशेने खाली येते, म्हणून चाचपणी तिथून सुरू करून वर जायचे. विद्यार्थी असताना मी थेट बरगडीपाशीच दाबत बसलो होतो. बोटे आधीच प्लीहेवर, मग कडा लागणार कशी? सरांनी काही न बोलता माझा हात उचलून खाली ठेवला. पुढच्या श्वासाला ती बोटांवर आपटली.

सीटी स्कॅनमध्ये प्लीहा दिसतेच, मग हा खटाटोप कशाला, असे विद्यार्थी विचारतात. कोणता स्कॅन मागवायचा हे या खटाटोपातूनच कळते, एवढेच उत्तर माझ्याकडे आहे.

एक अडचण मात्र राहते. परीक्षेच्या दिवसांत सकाळपासून चौथा विद्यार्थी पोट दाबायला येतो तेव्हा आजोबा तोंड फिरवतात, आणि ते बरोबरच आहे. आधी नाव सांगा, परवानगी मागा, हात चोळून गरम करा, पडदा ओढा. नाही म्हणाले, तर पुढच्या खाटेकडे जा.

हे पुस्तक वॉर्डात नेऊ नका. केस घेऊन आल्यावर, त्याच संध्याकाळी उघडा.