पटकी

व्हिब्रिओ कॉलरी या जिवाणूमुळे लघ्वांत्रात होणारा तीव्र संसर्गजन्य रोग. कॉलरा, महामारी ही त्याची इतर प्रचलित नावे. एकाएकी सुरू होणारे पेजेसारखे जुलाब, उलट्या आणि शरीरातील पाणी व लवणे झपाट्याने कमी होणे ही प्रमुख लक्षणे. उपचार न झाल्यास तीव्र रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात. वेळेवर उपचार झाल्यास हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली येते. पटकीचा जिवाणू आतड्याच्या पेशींत शिरत नाही, रक्तात उतरत नाही आणि आतड्याच्या अस्तराला जखमही करत नाही. तो बाहेर टाकतो त्या एका विषाने पेशींचे नेहमीचेच काम अनिर्बंध चालू राहते. म्हणूनच जिवाणू संसर्ग कसा घडवतात हे समजून घेण्यासाठी या रोगाइतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते.

जिवाणू : स्वल्पविरामासारखा वाकडा, ग्रॅम-ऋण, एका टोकाला कशाभिका असलेला व अतिशय चपळ. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून तो वर्षानुवर्षे टिकतो. त्याचे दोनशेहून अधिक गट ज्ञात असून मोठ्या साथी ओ-१ व ओ-१३९ या दोनच गटांनी घडवल्या आहेत. ओ-१ गटाचे अभिजात व एल टॉर असे दोन प्रकार आहेत. एल टॉर प्रकार १९०५ मध्ये सिनाई द्वीपकल्पातील एल टॉर येथील विलगीकरण केंद्रात प्रथम आढळला.

संसर्गाची प्रक्रिया : दूषित पाणी किंवा अन्नातून जिवाणू पोटात जातात. त्यांतील बहुतेक जठरातील आम्लाने मरतात. त्यामुळे निरोगी माणसाला रोग होण्यास कोट्यवधी जिवाणू लागतात. आम्लता कमी असल्यास याच्या एक हजारांशाहूनही कमी पुरतात. वाचलेले जिवाणू कशाभिकेच्या जोरावर लघ्वांत्रातील बुळबुळीत थर पार करतात आणि धाग्यांसारख्या झुलींच्या साहाय्याने अस्तराशी वसाहत करतात. त्यानंतर ते आंत्रविष सोडू लागतात. या विषाची जनुके जिवाणूची मूळची नसून एका जिवाणुभक्षी विषाणूने त्याच्यात आणलेली आहेत, हे वॉल्डॉर व मेकॅलॅनोस यांनी १९९६ मध्ये दाखवले. हा विषाणू आत शिरण्यासाठी त्याच झुलींचा आधार घेतो. म्हणजे वसाहतीचे साधन व विषाची प्राप्ती एकमेकांशी जोडलेली आहेत.

आंत्रविषाचे कार्य : हे विष एक ‘अ’ व पाच ‘ब’ अशा प्रथिन घटकांचे बनलेले असते. ‘ब’ घटक आतड्याच्या पेशींवरील जीएम-१ या मेदयुक्त रेणूला चिकटतात व विष पेशीत ओढले जाते. तेथे ‘अ’ घटकाचा एक तुकडा सुटतो आणि पेशीतील जी-प्रथिनात असा रासायनिक बदल करतो की ते पुन्हा बंद होऊ शकत नाही. परिणामी ॲडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम अखंड चालू राहून पेशीत चक्रीय एएमपी साठते, क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या राहतात आणि क्लोराइडमागून सोडियम व पाणी आतड्याच्या पोकळीत लोटते. तीव्र रुग्णाच्या शरीरातून ताशी एक लिटरपर्यंत द्रव जाऊ शकतो. मात्र ग्लुकोजबरोबर सोडियम शोषून घेण्याचा पेशींचा मार्ग या विषाने बंद पडत नाही. उपचाराचा पाया हाच आहे.

संशोधनाचा इतिहास : फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ मध्ये फ्लॉरेन्स येथे मृतांच्या आतड्यांत हा जिवाणू पाहिला; त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो यांनी रोगाचा संबंध पिण्याच्या पाण्याशी जोडला. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात जिवाणू वेगळा केला व तो विष निर्माण करत असावा, असा तर्क मांडला. तो सिद्ध होण्यास ७५ वर्षे गेली. बहुतेक संशोधक प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत जिवाणू टोचून पाहत होते. रोगाचे स्थान असलेल्या आतड्याकडे दुर्लक्ष झाले होते.

ही दिशा कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे (१९१५–८५) यांनी बदलली. सशाच्या लघ्वांत्राचा तुकडा शरीरातच दोन्ही टोकांना बांधून त्यात जिवाणू सोडले, की तो द्रवाने तट्ट फुगतो, हे त्यांनी १९५३ मध्ये डी. एन. चॅटर्जी यांच्यासह प्रसिद्ध केले. १९५९ मध्ये जिवाणू पूर्णपणे गाळून काढलेल्या द्रवानेही तोच परिणाम होतो, हे त्यांनी ‘नेचर’मधील टिपणात दाखवले. आंत्रविषाचे अस्तित्व साध्या साधनांनी आणि निर्विवादपणे सिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे व डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवरील प्रयोगांतून स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पुष्टी दिली. शोधाचे श्रेय सामान्यतः डे यांना दिले जाते. हाफकिन संस्थेतील कामाचाही त्याबरोबर उल्लेख व्हायला हवा. फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी १९६९ मध्ये विष शुद्ध स्वरूपात मिळवले. डे यांची बद्ध-आंत्र पद्धती पुढे एश्चेरिकिया कोलायच्या जुलाबकारक प्रकारांच्या अभ्यासातही उपयोगी पडली. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानच्या परिसंवादाला त्यांना निमंत्रण होते. मायदेशात मात्र हयातीत त्यांना मोठा सन्मान लाभला नाही, ही खेदाची बाब आहे.

लक्षणे व निदान : परिपाककाल काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. डोळे खोल जाणे, त्वचा सुरकुतणे, पायांत गोळे येणे, नाडी क्षीण व जलद होणे. बहुसंख्य बाधितांत लक्षणे सौम्य असतात किंवा नसतातच. निदान मलातील जिवाणूंच्या संवर्धनाने होते.

उपचार : गेलेले पाणी व लवणे भरून काढणे हाच मुख्य उपचार; प्रतिजैविकांनी जुलाबांचा काळ कमी होतो. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचा द्रव अपुरा पडल्यावर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज व मीठ घातलेले पाणी तोंडाने देण्यास सुरुवात केली आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. सध्याच्या मिश्रणात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते.

साथी : पहिली जागतिक साथ १८१७ मध्ये बंगालमधून पसरली व १८१८ मध्ये मुंबईत पोचली. पंढरपूरच्या यात्रांबरोबर रोग पसरल्याच्या नोंदी ब्रिटिशकालीन अहवालांत आहेत. सातवी साथ १९६१ मध्ये इंडोनेशियातील सुलावेसी येथे सुरू झाली. नव्या साथी स्थानिक पाण्यातून उद्भवतात की मुख्यतः प्रवाशांबरोबर येतात, याविषयी मतभेद आहेत.

प्रतिबंध : शुद्ध पाणी, मलनिःसारण, तोंडाने देण्याची लस.