सॉकेट प्रोग्रॅमिंग (जावा)

नेटवर्कने जोडलेल्या दोन प्रोग्रॅमांमधील संभाषणाचे एक टोक म्हणजे सॉकेट. अशी टोके उघडणे, जोडणे आणि काम झाल्यावर बंद करणे हा सॉकेट प्रोग्रॅमिंगचा विषय. आयपी पत्त्यावरून यंत्र कळते आणि ० ते ६५५३५ यांपैकी एका पोर्ट क्रमांकावरून त्या यंत्रावरचा प्रोग्रॅम. ही रचना १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समधून (४.२ बीएसडी) प्रसार पावली. सी भाषेत त्यासाठी पाच-सहा फंक्शने ठरल्या क्रमाने बोलवावी लागत. १९९६ मध्ये आलेल्या जावाने तेच काम सर्व्हरसॉकेट आणि सॉकेट या दोन क्लासांत बसवले. नांदेड-लातूर भागात पदवीला संगणक घेणाऱ्याची सॉकेटशी पहिली गाठ बहुधा जावातच पडते. ती सोपी पडते हे खरे, पण त्या सोपेपणाखाली मूळ गोष्ट झाकली जाते: या सॉकेटांमधली ने-आण सांभाळणारी टीसीपी ही नियमावली निरोप पोचवत नाही, बाइट पोचवते. एकाच यंत्रावर इंग्रजी ‘हॅलो’ पाठवून प्रात्यक्षिक उरकले, तर हा फरक दिसायला वावच राहत नाही.

सर्व्हर एखादा पोर्ट धरतो, समजा ५०००, आणि ॲक्सेप्ट ही मेथड बोलवून थांबून राहतो. क्लायंट जोडला गेला की ॲक्सेप्ट एक नवे सॉकेट ऑब्जेक्ट हाती देते. पुढचे बोलणे त्यावरच होते आणि मूळचे सर्व्हरसॉकेट पुढच्या क्लायंटसाठी मोकळे राहते. दोन्ही बाजूंना एकेक इनपुट आणि आउटपुट स्ट्रीम मिळतो. नेमका इथेच विद्यार्थी अडतो. क्लायंटने मजकूर लिहिला पण शेवटी नवी ओळ दिली नाही, किंवा फ्लश न केल्यामुळे मजकूर बफरमध्येच पडून राहिला, तर सर्व्हरची रीडलाइन ओळ पुरी होण्याची वाट पाहत बसते आणि क्लायंट उत्तराची. एरर येत नाही, प्रोग्रॅम बंदही पडत नाही. दोघे नुसते थांबलेले. याचे कारण जावात नसून टीसीपीत आहे. नळाच्या पाण्यावरून ते कोणत्या टँकरचे हे ओळखता येत नाही, तसेच तीन वेळा लिहिलेले बाइट समोर एकदाच वाचले जातील किंवा पाच तुकड्यांत. निरोप कुठे संपला हे ठरवण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची.

देवनागरी पाठवली की हे झाकलेले उघडे पडते. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, तीन बाइट घेते. म्हणून ‘लातूर’ १५ बाइटचे आणि ‘नांदेड’ १८ बाइटचे. इथरनेटवर टीसीपीच्या एका तुकड्यात साधारणपणे १४६० बाइट मावतात. या संख्येला तीनने भाग जात नाही: सलग देवनागरी मजकुरात ४८६ चिन्हे पुरी होतात आणि पुढच्या चिन्हाचे दोनच बाइट या तुकड्यात येतात. मिळालेल्या प्रत्येक तुकड्याची लगेच स्ट्रिंग केली, तर ते चिन्ह मोडते. जावा १८ च्या आधी विंडोजच्या इंग्रजी मांडणीत आणखी एक घोळ होता. एन्कोडिंग सांगितले नाही तर यंत्राचे आपले एन्कोडिंग लागू होई, त्यात देवनागरी नसे, आणि ‘नांदेड’ची सहा प्रश्नचिन्हे होत. २०२२ मध्ये यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग झाले. जुन्या आवृत्तीवर मात्र ते स्पष्ट लिहावे लागते.

यावर आक्षेप येतो की इनपुटस्ट्रीमरीडर अपुरे बाइट स्वतःच राखून ठेवतो, मग विद्यार्थ्याला ही भानगड कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. तो क्लास चिन्ह सांभाळतो, निरोपाची हद्द सांभाळत नाही. ती हवी असेल तर आधी लांबी पाठवावी लागते. राइटयूटीएफ ही मेथड हेच करते, पण लांबीला दोन बाइट असल्याने तिची मर्यादा ६५५३५ बाइट, म्हणजे देवनागरीची २१८४५ चिन्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: आज हाताने सॉकेट लिहितो कोण? फ्रेमवर्क आहेतच. पण डेटाबेसशी जोडणी तुटली की त्याच फ्रेमवर्कच्या पोटातून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ बाहेर येते. त्याचा नेहमीचा अर्थ असा की यंत्र सापडले, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे समोरून काहीच उत्तर आले नाही. तिथे संशय फायरवॉलवर किंवा पत्त्यावर घ्यावा. हा भेद न कळणारा माणूस चुकीच्या ठिकाणी दिवस घालवतो.

म्हणून प्रात्यक्षिकाला निदान दोन यंत्रे हवीत. १२७.०.०.१ या पत्त्यावर पाठवलेले काही यंत्राबाहेर पडतच नाही. नांदेडच्या लॅबमधला सर्व्हर लातूरहून गाठू पाहणाऱ्याला आणखी एक अडचण येते: १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता खासगी असतो आणि लॅबच्या राउटरपलीकडे त्याला अर्थ नसतो. त्यासाठी राउटरवर पोर्ट पुढे पाठवण्याची सोय करावी लागते, नाहीतर सर्व्हर सार्वजनिक पत्ता असलेल्या यंत्रावर ठेवावा लागतो.