एक नाव, अनेक पुरुष

नामसादृश्याने इतिहासात जितके घोटाळे माजविले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने माजविले असतील. आपल्याकडे दशरथपुत्र भरत निराळा, दुष्यंतपुत्र भरत निराळा आणि नाट्यशास्त्रकार भरतमुनी निराळे. तरी संदर्भ सुटला की ऐकणाऱ्याची गफलत होतेच. बायबलात याच्या उलटही घडले आहे. तेथे मूळचे एकच नाव भाषांतरांच्या प्रवासात इतके पालटले की, दोन थोर पुरुष एकाच नावाचे होते याची दाद वाचकास लागत नाही.

मोशेनंतर इस्राएल लोकांस कनान देशात नेणारा नूनचा पुत्र यहोशवा आणि नासरेथचा येशू हेच ते दोघे. नूनच्या पुत्राचे पहिले नाव होशेया. मोशेने त्यास 'येहोशुआ' म्हटले, असे 'गणना' या ग्रंथात आहे. 'यहोवा तारतो' असा त्या नावाचा आशय. बाबेलच्या बंदिवासानंतर हे नाव आखडून 'येशुआ' झाले. त्याचा पुरावा बायबलातच मिळतो. मंदिराच्या पुनर्बांधणीच्या वेळचा महायाजक हाग्गय व जखऱ्या यांच्या ग्रंथांत 'येहोशुआ' आहे, तर एज्रा व नहेम्या यांच्या ग्रंथांत तोच 'येशुआ' आहे. नहेम्याच्या ग्रंथात तर खुद्द नूनच्या पुत्रासही 'येशुआ बिन नून' म्हटले आहे. आपल्या जुन्या दस्तऐवजांत बापाच्या नावाआधी येणारा 'बिन' हा अरबी शब्द या हिब्रू शब्दाचाच सहोदर होय.

ग्रीक भाषेत 'श' हा वर्ण नाही. म्हणून जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात या नावाचे 'इएसूस' झाले आणि नव्या कराराच्या लेखकांनी तेच रूप दोघांसही वापरले. परिणामी १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात प्रेषितांची कृत्ये व इब्री लोकांस पत्र या दोन ठिकाणी यहोशवाच्या जागी 'जीझस' छापले गेले! मराठी बायबलाने 'यहोशवा' व 'येशू' असे दोन शब्द ठेवून घोटाळा टाळला. पण त्याबरोबर मूळचे ऐक्यही झाकले गेले. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीतील 'जेजू' हे रूप पोर्तुगीजांच्या वाटेने आलेले आहे.

याहून मार्मिक प्रकरण बरब्बाचे आहे. पिलाताने लोकांपुढे दोन बंदी ठेवले आणि लोकांनी येशूऐवजी बरब्बाची सुटका मागितली, ही कथा सर्वश्रुत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या काही हस्तलिखितांत व एका प्राचीन सिरियाक भाषांतरात त्या बंद्याचे नाव 'येशू बरब्बा' असे येते. तिसऱ्या शतकातील ओरिजेन या पंडितास हा पाठ ठाऊक होता. परंतु पातक्यास ते पवित्र नाव असणे त्यास प्रशस्त वाटले नाही. आज अनेक अभ्यासक हाच पाठ मूळचा मानतात. नंतरच्या लेखकूंनी भक्तिभावाने नाव गाळले असेल, तर पिलाताच्या प्रश्नातील धारच त्यांनी बोथट केली. कारण लोकांस दोन येशूंमधून एक निवडावयाचा होता. कागदपत्रांत वावरणाऱ्या आम्हां वकिलांस एवढे ठाऊक आहे की, खोडाखोड सद्हेतूने झाली तरी ती खोडाखोडच राहते.

उलटपक्षी, नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही. १९३१ मध्ये सुकेनिक या पुराणवस्तुशास्त्रज्ञाने 'योसेफपुत्र येशुआ' असा लेख असलेली एक अस्थिपेटी जाहीर केली. १९८० मध्ये यरुशलेमजवळ तल्पियोत येथील थडग्यात त्याच नावाची दुसरी पेटी सापडली आणि २००७ मध्ये एका चित्रपटाने ती नासरेथच्या येशूचीच असल्याचा गाजावाजा केला. बहुतेक तज्ज्ञांनी तो दावा मान्य केला नाही. येशुआ हे नाव त्या काळच्या ज्यू पुरुषांत सर्वाधिक प्रचलित अशा पाच-सहा नावांपैकी होते आणि योसेफ हे त्याहूनही अधिक.

नावावरून शोधास आरंभ होतो, निर्णय होत नाही. बाप, गाव व काळ यांची साक्ष घेतल्यावाचून इतिहासाने कोणाच्याही नावे निकाल देऊ नये. आणि साक्ष गैरसोयीची वाटली म्हणून ती दप्तरातून काढूही नये.