कौटुंबिक देवस्थान आणि विश्वस्तांचे उत्तरदायित्व

सुरत शहराच्या पूर्व भागातील पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा या परिसरात खान्देशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. एखाद्या कुटुंबाने स्वखर्चाने मंदिर उभारावे, पुढे सर्व सोसायटीने तेथे दर्शनास यावे, दानपेटीत यथाशक्ती अर्पण करावे, असे अनेकदा घडते. संस्थापक हयात असेपर्यंत हिशोबाचा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. त्यांच्या पश्चात मात्र, "मंदिर आमच्या वडिलांनी बांधले, मग दानपेटीही आमचीच" असा विचार मूळ धरतो. कायद्याची दृष्टी याहून वेगळी आहे. भाविकांच्या माहितीसाठी ती येथे संक्षेपाने देत आहोत.

डाकोरचा निर्णय

या विषयातील एक महत्त्वाचा दाखला गुजरातमधलाच असून त्याचा संबंध मराठी नावांशी आहे. डाकोर येथील श्रीरणछोडरायांचे विद्यमान मंदिर पेशव्यांचे सराफ गोपाळ जगन्नाथ तांबवेकर यांनी १७७२ मध्ये बांधले. श्रींच्या चरणी येणारे द्रव्य ही आपली खासगी मिळकत आहे, असे तेथील वंशपरंपरागत सेवकांचे म्हणणे होते. मनोहर गणेश तांबेकर आदींनी त्याविरुद्ध दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये निर्णय दिला, की देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून अर्पण केलेले द्रव्य तिच्या सेवेसाठी असते. ते स्वीकारणारे सेवक विश्वस्तासमान असून हिशोब देण्यास बांधील आहेत. सेवेबद्दल योग्य निर्वाह मिळणे आणि मालकी असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पुढे १८९९ मध्ये हे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. तेथेही सेवकांची बाजू मान्य झाली नाही.

खासगी की सार्वजनिक?

देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये कसोटी सांगितली. लाभार्थी ठराविक व्यक्ती असतील तर विश्वस्तव्यवस्था खासगी. अनिश्चित असा भाविक समुदाय असेल तर ती सार्वजनिक. मंदिर कोणी बांधले, यापेक्षा ते कोणासाठी अर्पण केले, हे निर्णायक ठरते. राहत्या घरातील देव्हारा खासगी राहतो. परंतु घराबाहेर विधिपूर्वक प्रतिष्ठापना केलेले आणि सर्वांनी हक्काने दर्शन घेतलेले मंदिर सार्वजनिक ठरण्याची शक्यता मोठी असते.

कुटुंबीयांच्या हितासाठी केलेल्या मालमत्तेच्या विश्वस्तव्यवस्थेस १८८२ चा भारतीय विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम १९ नुसार लाभार्थीस हिशोब मागता येतो आणि कलम ५१ नुसार विश्वस्तास विश्वस्त मालमत्ता स्वतःच्या लाभासाठी वापरता येत नाही. धार्मिक देणग्या या अधिनियमातून वगळल्या आहेत. तथापि, कुलदेवतेची खासगी मालमत्ता सांभाळणारी व्यक्तीही हिंदू विधीनुसार हिशोबास बांधील असते.

१९५० ची सुधारणा

पूर्वी गैरव्यवहार झाल्यानंतर दावा लावणे, हाच मुख्य उपाय होता. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० ने देखरेख नियमित केली. हाच अधिनियम गुजरात राज्यातही चालू राहिला आणि आता तो गुजरातच्या नावाने ओळखला जातो. त्यातील प्रमुख तरतुदी अशा:

१. कलम १८ – सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची नोंदणी करणे.
२. कलम २२ – विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अहवाल देणे.
३. कलम ३२ व ३३ – नियमित हिशोब ठेवणे आणि त्यांची वार्षिक लेखापरीक्षा.
४. कलम ३६ – धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीविना स्थावर मालमत्तेची विक्री, बक्षीस अथवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा न करणे.
५. कलम ५० व ५१ – हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना आयुक्तांच्या लेखी संमतीने दावा दाखल करता येणे. यात विश्वस्तास दूर करणे, नवे विश्वस्त नेमणे व हिशोब घेणे अशी मागणी करता येते.

समारोप

संस्थापक घराण्यातील व्यक्तीने विश्वस्त असण्यास कायद्याची हरकत नाही. वारशाने पद मिळू शकते, मालकी मात्र मिळत नाही. म्हणून मंदिराचे बँक खाते स्वतंत्र असावे, दानपेटी साक्षीदारांसमक्ष उघडावी आणि वार्षिक जमाखर्च फलकावर लावावा. हिशोब विचारणे हा विश्वस्तांवरील अविश्वास नव्हे. प्रामाणिक विश्वस्तास त्याच हिशोबाचा आधार असतो.